आमची अक्कलदाढ

वयाच्या सहासष्टाव्या वर्षीं अक्कलदाढ काढून घेतली असें आम्हीं कोणास सांगितलें, कीं ऐकणारा प्रथम हंसतो आणि मग प्रकृतीची चौकशी करतो. हा क्रम बदललेला आम्हीं अद्याप पाहिला नाहीं. आमचे एक जुने सहकारी तर म्हणाले, "गुरुजी, सारा जन्म मुलांना अक्कल शिकवलीत आणि आता स्वतःची उपटून आलात?" आम्हीही हंसलों, कारण तेव्हां जबडा पूर्ण उघडत होता आणि हंसणें परवडत होतें. ज्या पंधरवड्याची हकीकत येथें सांगावयाची आहे, त्यांत तें परवडत नव्हतें.

ज्यांच्या घरीं कोणाची दाढ काढावयाची असेल त्या वाचकांस या हकीकतींतून कांहीं उपयोगाचें मिळेल. परंतु आम्ही लिहावयास बसलों तें केवळ त्यासाठीं नव्हे. त्या दुखण्यांतल्या एका रात्रीं आम्हांस एक जुनी गोष्ट आठवली, आणि ती कोठें तरी सांगितल्यावांचून चैन पडेना.

या दाढेस अक्कलदाढ कां म्हणतात हें उघड आहे. इतर दांत बाळपणीं व कुमारवयांत येतात. ही सतरा ते पंचवीस या वयांत, म्हणजे माणसास शहाणपण आलें असें लोक धरून चालतात त्या सुमारास, सर्वांच्या मागें उगवते. युरोपांतले लोकही तिला शहाणपणाचीच दाढ म्हणतात. जपानी भाषेंत मात्र तिच्या नांवाचा अर्थ 'आईबापांस ठाऊक नसलेली' असा आहे, आणि आमच्या मतें तेंच नांव अधिक खरें. मुलाचा पहिला दांत कोणत्या महिन्यांत आला हें आई तोंडपाठ सांगते. ही दाढ येते तेव्हां मुलगा परगांवीं असतो. आमची आली तेव्हां आम्ही शिक्षकाच्या प्रशिक्षणासाठीं पुण्यास राहून खानावळींत जेवत होतों. आठ दिवस भाकरी पाण्यांत बुडवून खाल्ली, आणि घरीं पत्रांत 'प्रकृति उत्तम आहे' असें लिहिलें.

ती सरळ आली असती तर हा लेखच झाला नसता. खालच्या जबड्यांत डाव्या बाजूस तिला जागा पुरली नाहीं, म्हणून ती आडवी होऊन पुढच्या दाढेस डोकें टेकून बसली, आणि तिच्या अर्ध्या माथ्यावर हिरडीचा पदर तसाच राहिला. त्या पदराखालीं अन्नाचा कण अडके. वर्षा-दोन वर्षांनीं तो भाग सुजे, तोंड उघडेना होई, लाळ गळे, आणि पांचसहा दिवसांनीं सारें ओसरे. ओसरलें कीं आम्ही विसरत असूं.

हें दुखणें सुश्रुतानें पाहिलेलें आहे. निदानस्थानाच्या सोळाव्या अध्यायांत मुखाचे पांसष्ट रोग सांगतांना, जबड्याच्या अगदीं शेवटच्या दांतापाशीं मोठी सूज, तीव्र वेदना व लाळ गळणें अशीं लक्षणें देऊन त्यानें या रोगास अधिमांसक असें नांव दिलें आहे. चिकित्सास्थानांत उपायही आहे: तें वाढलेलें मांस कापून टाकावें आणि वर वेखंड, पहाडमूळ, सज्जीखार, जवखार इत्यादिकांचें चूर्ण मधांत कालवून लावावें. काकांजवळ संस्कृत शिकत असतां आम्हीं हें प्रकरण वाचलें, आपला रोग ग्रंथांत सांपडला याचा मोठा आनंद मानला, आणि कापण्याचा भाग वगळून मध तेवढा लावला.

न कापण्यास आधारही ग्रंथांतच मिळाला. वरचा दांत हलत असला तरी वैद्यानें तो उपटूं नये. रक्त अतिशय जाऊन मनुष्य काणा होतो, तोंड वाकडें होतें, असें सुश्रुत बजावतो. त्या काळीं रक्त आवरण्याचीं आजचीं साधनें नव्हतीं, जंतूंचें ज्ञान नव्हतें. वरच्या जबड्यांतला पू डोळ्याकडे पसरलेला त्यानें पाहिला असेल तर त्याचें सांगणें त्या काळापुरतें शहाणपणाचेंच होतें. पुढें ग्रंथ वाचणारे थोडे राहिले आणि भीति तेवढी घरोघर राहिली. आमच्या आईनें वरची किडलेली दाढ याच भयानें बारा वर्षें वागविली. आमची दाढ खालची, म्हणजे हा निषेध आम्हांस लागूही नव्हता. पण भित्र्या माणसास शास्त्राचा आधार मिळाला कीं तो वर-खालीं पाहत बसत नाहीं.

अशीं चाळीसांवर वर्षें गेलीं. गेल्या माघांत पुढची चांगली दाढही ठणकूं लागली, तेव्हां सूनबाईनें आम्हांस न विचारतां बारामतीच्या दांतांच्या डॉक्टरीणबाईंची वेळ ठरविली. तरी आम्हीं परीक्षा, लग्न, उन्हाळा अशीं निमित्तें काढून ज्येष्ठापर्यंत ढकललें. इंदापूर ते बारामती ही आमच्या नोकरीची वाट. निमगांव केतकीचे पानमळे, लासुर्णें, सणसर, काटेवाडी. या पट्ट्यांतल्या कोणत्या शाळेचें छप्पर कोणत्या पावसाळ्यांत गळत असे हें आम्हांस अजून सांगतां येईल. एरव्ही या वाटेनें जातांना आमचें तोंड मिटत नाहीं. त्या दिवशीं सबंध वाटेंत आम्ही एक शब्द बोललों नाहीं, आणि सूनबाईनेंही बोलविलें नाहीं. हा तिचा समंजसपणा आमच्या लक्षांत फार मागाहून आला.

डॉक्टरीणबाई आमच्या मुलीच्या वयाच्या. सबंध जबड्याचा एक्स-रे पडद्यावर दाखवून त्या म्हणाल्या, "गुरुजी, ही दाढ पुढच्या दाढेला खातेय. विशी-पंचविशीत काढली असती तर हाड मऊ असतं. आता थोडं झुंजावं लागेल, आणि जखम भरायला वेळही जास्त लागेल." मुळांच्या जवळून ओठाकडे जाणारी एक शीर होती, ती दुखावली तर कांहीं काळ, क्वचित् कायमचा, ओठ बधिर राहतो, हेंही त्यांनीं आधींच सांगून ठेवलें. लपवून ठेवण्यापेक्षां तें आम्हांस बरें वाटलें.

सुई टोंचतांच अर्धा ओठ, अर्धी जीभ आणि हनुवटी आपली राहिली नाहीं. ज्या औषधानें हें घडतें त्याची आम्हीं पुढें माहिती काढली. १८४६ सालीं बॉस्टन येथें मॉर्टन नांवाच्या दंतवैद्यानें ईथर हुंगवून रोग्यास वेदनेवांचून शस्त्रक्रिया सोसतां येते हें लोकांसमोर दाखविलें. १८८४ पासून कोकेन वापरून तेवढीच जागा बधिर करूं लागले. पण त्याचें व्यसन लागे. १९०५ च्या सुमारास नोव्होकेन आलें, आणि हल्लीं ज्याचा सर्वत्र उपयोग होतो तें लिग्नोकेन स्वीडनमध्यें १९४३ सालीं तयार होऊन १९४८ पासून वापरांत आलें. म्हणजे आमच्या जन्माच्या आधीं फार तर दहा-अकरा वर्षें. आमच्या आजोबांची दाढ भरबाजारांत दोघांनीं खांदे दाबून धरून एकानें उपटली होती. ती हकीकत ते नातवंडांस रंगवून सांगत, पण सांगतांना नकळत त्यांचा हात गालाकडे जात असे.

मोरोपंतांचें वास्तव्य या बारामतीसच झालें. १७९४ सालीं ते वारलेही येथेंच. तेव्हां त्यांच्या आर्या मनांत म्हणत खुर्चींत पडून राहावें असा आमचा बेत होता. बेत चांगला होता. परंतु यंत्राची घरघर कवटींत घुमूं लागली कीं चौथा चरण सुटे, आणि आम्ही पुन्हां पहिल्यापासून आरंभ करीत असूं. हाड थोडें कोरून, दाढेचे दोन तुकडे करून ती बाहेर यावयास पाऊण तास लागला. तेवढ्यांत एकाच आर्येचे पहिले तीन चरण किती वेळां म्हटले गेले तें सांगवत नाहीं. दुखलें मुळींच नाहीं. नुसती ओढाताण कळत होती, जणूं शेजारच्या घरांत कोणी जड कपाट सरकवीत आहे.

टांके घालून झाल्यावर बाईंनीं सूचनांचा छापील कागद दिला. त्यांत 'सूचना' हा शब्दच ऱ्हस्व छापलेला! आम्हीं खिशांतली पेन्सिल काढून तो तेथल्या तेथें दीर्घ केला, आणखी तीन ठिकाणीं शुद्धलेखन सुधारलें, आणि कागद घडी करून ठेवून दिला. मजकूर असा होता. कापसाची गादी तासभर दाबून धरावी. चोवीस तास थुंकूं नये, चूळ भरूं नये, नळीनें कांहीं ओढून पिऊं नये. गालावर बाहेरून बर्फ थोडा थोडा वेळ धरावा, निजतांना डोकें उंच ठेवावें, तंबाखूस शिवूं नये. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाचें पाणी तोंडांत हळूच धरावें आणि तसेंच हळूच गळूं द्यावें, खळखळवूं नये. कारणही बाईंनीं समजावून सांगितलें होतें. दाढ निघाल्यावर खळग्यांत रक्ताची जी गुठळी बसते ती नुसती खपली नव्हे. उघड्या हाडावरचें तें पांघरूण असून नवें मांस व हाड भरून येण्याचा पायाही तीच. वेदनेच्या दोन जातींच्या गोळ्या दिल्या. पैकीं आयबुप्रोफेनची गोळी जेवल्यावरच घ्यावी, आणि ज्यास पोटांत व्रण, मूत्रपिंडाचा विकार किंवा रक्त पातळ करण्याचें औषध चालूं असेल त्यानें ती विचारल्यावांचून घेऊंच नये असें बजावलें.

दोन दिवस उत्तम गेले. गाल लिंबाएवढा सुजला, पण वेदना गोळीच्या धाकांत होती. तांदळाची पेज, मुगाचें वरण, गुरगुट्या भात, केळें कुस्करून दूध. मंडळींनीं सारें थंड करून हातांत दिलें. तिसऱ्या दिवशीं सूजही उतरूं लागली आणि आम्हीं शिरा मागून घेतला. भेटीस आलेल्या गृहस्थांस आम्ही म्हणालों, "लोक उगाच बाऊ करतात."

त्याच संध्याकाळीं आम्ही जेवून मोरीवर गेलों. मुंज झाल्यापासून जेवणानंतर खळखळून चुळा भरण्याची आम्हांस संवय. आमच्या चुळेचा आवाज माजघरांत ऐकूं आला कीं अण्णांचें जेवण झालें असें घरांत समजतात. मिठाचें पाणी हातांत होतें. कागदही आठवत होता. परंतु तोंड स्वच्छ झाल्यासारखें वाटेना, आणि तीन दिवसांचा तो ओशटपणा सोसवेना. आम्हीं दोन चुळा भरल्या. भरल्या म्हणजे पूर्वीसारख्याच भरल्या, आणि दूर टाकल्या. अगदीं बरें वाटलें.

चौथ्या दिवशीं सकाळीं तोंडाला घाण चव आली. दुपारीं कान दुखूं लागला. दिवेलागणीस डाव्या बाजूचे सारे दांत, कानशील, डोळ्याच्या वरचा भाग, सगळें एकच झालें. जबड्यास आणि कानाच्या पुढल्या भागास ज्ञान पोहोंचविणाऱ्या शिरा एकाच मोठ्या शिरेच्या शाखा आहेत, म्हणून दुखणें नेमकें कोठें हें मनास ठरवितां येत नाहीं. हें आतां लिहितांना सोपें वाटतें; तेव्हां मात्र कानांत कोणी तापलेली सळई घालून ती संथपणें फिरवीत आहे एवढेंच कळत होतें. गोळीनें घटकाभर धार बोथट होई, कीं पुन्हां सुरू.

सर्वांत विलक्षण गोष्ट ही, कीं पाहणारास कांहींच दिसत नव्हतें. गाल उतरलेला, ताप नाहीं, रक्त नाहीं. सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, काल तर शिरा मागून घेतलात." चिरंजीव म्हणाले, "अण्णा, सूज पण गेलीय. दमला असाल, झोपा जरा." नातीनें मोबाइलच्या उजेडांत तोंडांत डोकावून निकाल दिला, "आजोबा, काही नाहीये. नुसता एक छोटा खड्डा आहे." कोणी वाईट बोललें नाहीं. पण आपण सांगतों तें खरें धरलें जात नाहीं असें दिसतांच आमचा तोल गेला. सूनबाईनें पेज आणून ठेवली ती आम्हीं सरकवून दिली आणि "गुठळ्या झालेली पेज रोग्याला देतात होय?" असें म्हणालों. पेजेंत गुठळी नव्हती. तिनें भांडें उचललें आणि आंत गेली.

रात्रीं दोन वाजतां आम्ही ओसरीवर फेऱ्या घालीत होतों. फिरतांना किंचित् बरें वाटे. डावा तळहात गालावर दाबलेला होता. दिव्यानें भिंतीवर आमची सांवली पडली होती. तिचा तो गालावरचा हात पाहिला, आणि आम्ही थांबलों. अशा प्रकारें हात धरून बसलेला एक मुलगा आम्हीं पूर्वीं पाहिलेला होता.

१९९३ सालीं किल्लारीस भूकंप झाला, त्यानंतरच्या गळिताच्या हंगामांतली ही गोष्ट. आम्ही तेव्हां इंदापूर तालुक्यांत एका साखर कारखान्याजवळच्या गांवीं शाळेवर होतों. दिवाळीच्या आगेमागें बीड जिल्ह्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या बैलगाड्यांनिशीं येत, कोप्या घालून राहत, आणि त्यांचीं कांहीं मुलें चार-पांच महिन्यांपुरतीं आमच्या वर्गांत बसत. त्या वर्षीं आलेला हा मुलगा नऊ-दहा वर्षांचा होता. नांव येथें देत नाहीं. तो सबंध दिवस गालावर तळहात ठेवून बसे. पाढा म्हणावयास उठविला तर उठे, पण तोंड उघडीत नसे. "काय होतंय रे?" असें आम्हीं एकदां विचारलें. त्यानें गालाकडे बोट दाखविलें. आम्हीं गाल पाहिला, सूज नव्हती. शिवाय आदल्याच दिवशीं त्यास शाळेच्या मागें ऊस खातांना आम्हीं पाहिलें होतें. झालें, आमचा निकाल तयार झाला. "ऊस खाताना दाढ दुखत नाही, सतराचा पाढा म्हणताना बरी दुखते!" असें वर्गास ऐकूं जाईल इतक्या मोठ्यानें आम्ही म्हणालों. मुलें हंसलीं. मग हात पुढें करावयास लावून दोन छड्या दिल्या. तेव्हां शाळेंत छडी चालत असे. तिला बंदी झाली ती २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें. पण कायद्याची गोष्ट येथें अप्रस्तुत आहे. तो रडला नाहीं. रडावयास तोंड उघडावें लागतें, हें आम्हांस त्या रात्रीं ओसरीवर, तीस वर्षांनीं, कळलें.

पुढें चार दिवस तो आला नाहीं. पांचव्या दिवशीं त्याच्या बहिणीनें सांगितलें, कीं त्याचें तोंड सुजून डोळा मिटला, मान ताठली, ताप भरला, आणि मुकादमाच्या ट्रॅक्टरमधून रात्रीं त्यास बारामतीस नेलें. ऊस तो दुसऱ्या बाजूच्या दाढांनीं चघळीत असे. सकाळीं पोटांत घालावयास दुसरें कांहीं नसे, हेंही तिच्याच बोलण्यांत आलें. पंधरा दिवसांनीं तो परत आला. हनुवटीखालीं पट्टी होती. त्यानें आम्हांस इतरांप्रमाणेंच नमस्कार केला. आम्हीं "बस" म्हटलें. एवढेंच. त्यानंतर आम्हीं त्यास पाढा विचारला नाहीं, आणि ही आपण केलेली दया आहे असें समजत राहिलों. हंगाम संपला, गाड्या गेल्या. पुढच्या वर्षीं ती टोळी आमच्या गांवीं आली नाहीं.

इतकीं वर्षें ही गोष्ट आम्ही विसरलों होतों असें म्हणावें तर तें खरें नव्हे. ती ठाऊक होती. पण तिचा हिशेब लागलेला आहे अशा समजुतीनें ती मागें ठेवून दिलेली होती.

उजाडतांच सूनबाई गाडीची किल्ली घेऊन पुढें आली. रात्रींच तिनें डॉक्टरीणबाईंस निरोप पाठवून ठेवला होता. बारामतीस पोहोंचल्यावर आम्ही मोठी कैफियत सांगावयाच्या तयारीनें खुर्चींत बसलों. बाईंनीं तोंडांत आरसा घालण्यापूर्वींच विचारलें, "आज पाचवा दिवस ना? काल दुपारपासून सुरू झालं? कानापर्यंत? मग फार दुखत असेल तुम्हाला." आम्हीं नुसती मान हालविली. डोळ्यांत पाणी आलें, तें त्यांनीं दुखण्याचें समजलें असावें.

"जोरात चूळ भरली होतीत का?"

"नाही," आम्ही म्हणालों. शाळेंत मुलांच्या तोंडून हजारों वेळां ऐकलेलें तेंच 'नाहीं', आणि तितक्याच तत्परतेनें आलेलें. सूनबाई दाराशीं उभी होती. चुळेचा आवाज माजघरांत तिनेंही ऐकलेला असणारच. ती कांहीं बोलली नाहीं. मग आम्हींच खरें सांगितलें.

बाई रागावल्या नाहींत. गुठळी निघून गेली कीं खालचें हाड उघडें पडतें, त्यास वारा लागला, अन्नाचा कण लागला तरी असा कल्लोळ उठतो. साध्या दाढा काढल्यावर हें शंभरांत दोन-चारांस होतें, खालच्या अक्कलदाढांत त्याहून बरेंच अधिक, आणि कधीं कधीं सर्व पथ्य पाळूनही होतें, असें त्यांनीं सांगितलें. शेवटचें वाक्य बहुधा आमची लाज राखण्यासाठीं असावें. त्यांनीं तो खळगा कोमट क्षारजलानें धुतला आणि लवंगेच्या तेलाच्या औषधांत भिजविलेली पट्टी आंत बसविली. पाव तासांत ती सळई कोणी कानांतून काढून घेतली. घरची लवंग आणि ही पट्टी यांत गुण एकच; परंतु शुद्ध लवंगतेल कापसावर घेऊन घरींच खळग्यांत कोंबूं नये, तें मांस भाजतें. दुखऱ्या हिरडीवर अ‍ॅस्पिरिनची गोळी धरून ठेवण्याची कित्येक घरांत चाल आहे; तीही तशीच घातक.

पट्टी बदलावयास आणखी दोन वेळां जावें लागलें. शेवटच्या खेपेस टांकेही काढले. तेव्हां आम्हीं डॉक्टरीणबाईंस त्या मुलाची सूज वर्णन करून सांगितली, तो कोण हें न सांगतां, आणि छडीचें न सांगतां. त्या गंभीर झाल्या. दाढेचा पू हनुवटीखालीं व मानेंत उतरला तर श्वासाची वाट बंद होऊं शकते, असा रोगी तासाभराचा विलंब न करतां मोठ्या रुग्णालयांत न्यावा लागतो, असें त्यांनीं सांगितलें. "त्या रात्री नेला म्हणून वाचला असेल," त्या म्हणाल्या. येतांना वाटेंत सणसरच्या पुढें आम्हीं ही सगळी गोष्ट, छडीसकट, सूनबाईस सांगितली. तिनें गाडी थोडी हळू केली. बऱ्याच वेळानें म्हणाली, "अण्णा, पेजेत गुठळ्या नव्हत्या." "नव्हत्या," आम्ही म्हणालों.

तोंडांत दोन बोटें मावावयास दहा दिवस लागले. ओठाची बधिरता पंधराव्या दिवशीं मुंग्या येऊन गेली. हिरडी जुळून यावयास तीन-चार आठवडे आणि आंतील हाड भरावयास कित्येक महिने लागतात. तोंवर जीभ त्या खळग्याकडे चोरपावलांनीं जात राहते. विडा अजून बंद आहे. निमगांवचीं पानें घरांत येतात आणि आमच्या डोळ्यांदेखत इतर मंडळी तीं खातात.

आषाढ लागला आणि तुकोबांची पालखी बारामती, सणसरच्या वाटेनें इंदापुरास आली. प्रतिवर्षीं आमच्या ओट्यावर एक दिंडी उतरते. यंदा तींत परभणीकडची एक म्हातारी होती. जेवणें झालीं तरी तिनें पत्रावळीस हात लावला नव्हता. पदर गालाशीं दाबून भिंतीला टेकून बसली होती. आम्ही जवळ गेलों आणि विचारलें, "दाढ का, मावशी?"

"व्हय. तीन दिस झालं. कानात निसता घण बसतुया."

"फार दुखत असेल," आम्ही म्हणालों, आणि तिला घेऊन वारकऱ्यांसाठीं लागलेल्या औषधोपचाराच्या मांडवांत गेलों. तेथील तरुण डॉक्टरांनीं गोळ्या दिल्या आणि परत गेल्यावर दाढ काढून घ्या असें सांगितलें. म्हातारीनें मान हालविली. बाहेर आल्यावर आम्हांस म्हणाली, "वरची हाय दाढ. काढली तर डोळा जातुया म्हनत्यात."

आम्हीं तिला समजावून सांगितलें, कीं ही फार जुन्या काळची भीति आहे, आमचीही दाढ नुकतीच काढली आहे.

"तुमची वरची का खालची?"

"खालची."

"मंग तुमाला काय ठावं?"

यावर आम्हांस उत्तर सुचेना. सुश्रुत तर तिच्याच बाजूचा होता. मग आम्हीं तिला आईची गोष्ट सांगितली: बारा वर्षें भिऊन तिनें वरची दाढ राखली, सत्तराव्या वर्षीं ती काढावीच लागली, आणि त्यानंतर ऐंशीव्या वर्षापर्यंत ती स्वतः सुईंत दोरा ओंवीत होती.

"सोता ववीत हुती?"

"स्वतः. चष्मा लावून."

म्हातारीनें थोडा विचार केला. पहाटे दिंडी निघतांना ती ओट्याशीं आली. दोन रात्रींनंतर झोंप लागली असें म्हणाली. "माघारी गेल्यावर बघते दाढीचं," एवढें बोलून तिनें हात पुढें केला. दिंडींत आणखी एकीची दाढ ठणकत होती. तिच्यासाठीं दोन लवंगा पाहिजे होत्या. सूनबाईनें मुठीभर आणून दिल्या.